गवताच्या वाफ्यांतील वाद

शास्त्राच्या इतिहासांत कित्येक विचारांचें दैव मोठें चमत्कारिक असतें. ते प्रथम उच्चारले जातात तेव्हां त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पुढें ते सर्वांच्या तोंडीं बसतात, पण त्यांचा पुरावा कोणी मागत नाहीं. आणि अखेर एखाद्यानें पुरावा मागितला म्हणजे मोठा कलह माजतो. एकाच भूमीवर वनस्पतींच्या जाती जितक्या अधिक, तितकी ती भूमि अधिक फळते व संकटांत अधिक टिकाव धरते, हा विचार या प्रकारचा आहे. ऐकावयास तो इतका साधा वाटतो कीं, त्यावर वाद तो काय व्हावयाचा, असें वाचकांच्या मनांत येईल. परंतु या एका वाक्याचा खरेपणा ठरविण्यास जवळजवळ दोन शतकें लागलीं. आणि ज्यांनीं तें वाक्य मोठ्या श्रद्धेनें उच्चारलें त्यांच्यापेक्षां, ज्यांनीं तें मानण्याचें नाकारलें त्यांचेच त्यावर उपकार अधिक झाले, असें या इतिहासाकडे पाहतां म्हणावें लागतें.

प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. मनुष्याच्या हातून आज वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अनेक जाती नाहींशा होत आहेत. एखाद्या माळावरील चाळीस जातींपैकीं वीस गेल्या, तर उरलेल्या वीस तेवढेंच काम करतील काय? करतील, असें उत्तर असेल तर गेलेल्यांबद्दल हळहळणें ही केवळ रसिकतेची बाब ठरते. करणार नाहींत, असें असेल तर ती घरच्या भांडवलाची बाब होते. म्हणून या प्रश्नाचें उत्तर आपणांस आवडणारें असून भागत नाहीं. तें खरें असावें लागतें.

या कथेचा आरंभ इंग्लंडांतील एका बागेंत होतो. बेडफर्डशायर परगण्यांत वोबर्न येथें बेडफर्डच्या ड्यूकांची जहागीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील माळी जॉर्ज सिंक्लेअर यानें आपल्या धन्याच्या आज्ञेनें गवतांची एक बाग मांडली. कोणतें गवत चाऱ्यास उत्तम, कोणतें कोणत्या मातींत वाढतें, हें पाहणें एवढाच तिचा हेतु होता. दोन-दोन फुटांचे दोनशेंहून अधिक वाफे त्यानें आंखले, त्यांत निरनिराळीं गवतें लाविलीं, आणि १८१६ सालीं आपल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकट्या-दुकट्या जातीचें गवत विरळ राहतें आणि अनेक जाती एकत्र वाढल्या म्हणजे त्याच जागेंत हिरवळ दाट होते, हें या अनुभवी माळ्याच्या ध्यानांत आलें होतें.

चार्ल्स डार्विनच्या वाचनांत हे प्रयोग आले. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या जगद्विख्यात ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणांत, एकाच जातीचें गवत पेरलेल्या वाफ्यापेक्षां भिन्न वंशांचीं अनेक गवतें पेरलेल्या तेवढ्याच वाफ्यांतून झाडांची संख्याहि अधिक मिळते आणि वाळल्या गवताचें वजनहि अधिक भरतें, असें तो सांगतो. हें प्रयोगानें सिद्ध झालें आहे, एवढें म्हणून तो पुढें जातो. प्रयोग कोणाचा, कोठला, यासंबंधीं तेथें अवाक्षर नाहीं. सिंक्लेअरच्या बागेशीं या वाक्याचा संबंध नीट जोडून दाखविला तो अँडी हेक्टर व रोवन हूपर या दोघां संशोधकांनीं, २००२ सालीं! डार्विनला या गोष्टीची गरज वेगळ्याच कारणासाठीं होती. एका पूर्वजापासून इतकीं भिन्न रूपें कां निघावींत, याचा तो उलगडा करीत होता. कामाची वांटणी केली म्हणजे कारखान्याचें उत्पन्न वाढतें. त्याचप्रमाणें भिन्न स्वभावाच्या प्राण्यांनीं व वनस्पतींनीं जागा वांटून घेतली म्हणजे तेवढ्याच जागेंत अधिक जीव पोसले जातात, हें त्याचें म्हणणें. विचार मोलाचा होता. पण तो एका मोठ्या इमारतीच्या पायांतील दगड झाला आणि त्या दगडाकडे पुढें कोणी वांकून पाहिलें नाहीं.

दरम्यान इंग्लंडांतच या विचाराविरुद्ध साक्ष देणारा एक पुरावा वाढत होता. हर्टफर्डशायरमधील रॉदमस्टेड येथें जॉन लॉज व जोसेफ गिल्बर्ट यांनीं १८५६ सालीं एका जुन्या कुरणाचे भाग पाडून प्रत्येकास निरनिराळें खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्यापि चालू आहे. ज्या भागांस कांहींच खत मिळालें नाहीं तेथें तीस-चाळीस जाती सुखानें नांदत राहिल्या. ज्यांना नत्राचें खत भरपूर मिळालें तेथें उंच वाढणाऱ्या गवतांनीं इतरांचा प्रकाश हिरावून घेतला, आणि जेथें त्या खतानें मातीहि आंबट झाली तेथें तर अवघ्या दोन-तीन जाती उरल्या. मात्र गवताची गंजी खत दिलेल्या भागांत मोठी! म्हणजे वोबर्न म्हणतें, जाती वाढवा, गवत वाढेल. आणि रॉदमस्टेड दाखवितें, गवत वाढलें तेथें जाती घटल्या. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक. मग खरें कोणाचें मानावें? ही गांठ शंभरांहून अधिक वर्षें न सुटतां राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर परिसरविज्ञान, म्हणजे जीव व त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचें शास्त्र, वयांत आलें, तेव्हां हा विचार नव्या वेषांत पुढें आला. १९५५ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट मॅकआर्थर यांनीं असें प्रतिपादिलें कीं, अन्नाचे मार्ग जितके अनेक तितका जीवसमूह स्थिर. एक मार्ग बंद पडला तर दुसरा उघडा असतो. १९५८ सालीं ऑक्सफर्डचे चार्ल्स एल्टन यांनीं परक्या जीवांच्या आक्रमणांवर ग्रंथ लिहिला व तींच सूत्रें अधिक विस्तारानें मांडलीं. किडींच्या धाडी एका पिकाच्या शेतांवर पडतात, भरगच्च अरण्यावर सहसा पडत नाहींत. परक्या जीवांपुढें थोड्या जातींचीं बेटें लवकर हार खातात. हे दाखले मनास पटणारे होते आणि विविधतेंत स्थैर्य आहे हें वचन लवकरच पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलें. पण दाखला म्हणजे प्रयोग नव्हे. शेत आणि अरण्य यांत जातींच्या संख्येखेरीज दुसरेहि शेंकडों भेद असतात, हें कोणी फारसें बोलून दाखविलें नाहीं.

या सुखासीन श्रद्धेस पहिला धक्का दिला तो एका पदार्थविज्ञानवेत्त्यानें. ऑस्ट्रेलियांत जन्मलेले रॉबर्ट मे गणिताच्या वाटेनें परिसरविज्ञानांत आले होते. १९७२ सालीं एका लहानशा निबंधांत व १९७३ सालीं एका ग्रंथांत त्यांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, वाटेल तशा जोडलेल्या जीवसमूहांत जातींची संख्या व त्यांचे परस्परसंबंध वाढवीत गेलें तर तो समूह अधिक स्थिर न होतां उलट डळमळीत होण्याचाच संभव वाढतो. मे यांचा दावा एवढाच होता कीं, विविधतेपासून स्थैर्य आपोआप निघत नाहीं. कोठें तें दिसत असेल तर त्याचें कारण शोधून काढलें पाहिजे. परंतु एवढ्यानेंहि वीस वर्षें या विचाराचा आवाज बसला. जुनें वचन म्हणावयास लोक संकोचूं लागले आणि नवा पुरावा तर कोणाजवळच नव्हता.

तो पुरावा पुढें आला अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतून. मिनियापोलिस शहराच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरांवर सीडर क्रीक नांवाचें मिनेसोटा विद्यापीठाचें संशोधनक्षेत्र आहे. जमीन रेताड, नत्रानें दरिद्री. शेतकऱ्यांनीं कसून सोडून दिलेलीं जुनीं शेतें आणि मूळच्या कुरणांचे अवशेष, असें त्याचें स्वरूप. येथील एका दलदलीच्या तळ्यावर रेमंड लिंडमन या तरुणानें अन्नशक्ति एका जीवाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याचा अभ्यास केला. त्याचा निबंध परीक्षकांनीं प्रथम नापसंत केला होता. १९४२ सालीं तो छापून बाहेर आला, परंतु त्याच वर्षीं, त्यापूर्वींच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं लिंडमन निवर्तला होता. त्या निबंधाची गणना आज या शास्त्राच्या पायाभूत लेखांत होते. त्याच भूमींत पुढें डेव्हिड टिल्मन यांनीं आपलें आयुष्य घातलें.

१९४९ सालीं जन्मलेल्या टिल्मन यांचें आरंभींचें काम गवतावर नव्हे, तर डायाटम नांवाच्या सूक्ष्म पाणवनस्पतींवर होतें. एकाच भांड्यांत दोन जाती ठेविल्या तर एक दुसरीस नामशेष कां करीत नाहीं, हें ते पाहत होते. त्यांस आढळलें तें असें: एकीची वाढ स्फुरदाच्या टंचाईनें अडते व दुसरीची सिलिकेच्या टंचाईनें, अशी स्थिति असेल तर दोघी एकत्र नांदतात, दोघींची अडचण एकच असेल तर ती वस्तु अत्यल्प असतांनाहि जिचें भागतें तीच उरते. भिन्न जातींचे उपजीविकेचे मार्ग भिन्न असतात म्हणून त्या एकत्र राहूं शकतात, ही या संशोधनाची शिकवण. आणि पुढील सर्व प्रयोगांचें बीज तींतच आहे.

१९८२ सालीं त्यांनीं सीडर क्रीकच्या चार माळांवर २०७ वाफे आंखून त्यांना नत्राच्या निरनिराळ्या मात्रा देण्यास आरंभ केला. हेतु रॉदमस्टेडसारखाच होता, आणि फळहि तसेंच आलें. नत्र अधिक तेथें जाती कमी झाल्या. पण १९८७-८८ सालीं त्या प्रदेशावर अर्धशतकांत झालें नव्हतें असें अवर्षण पडलें. सर्वच वाफे करपले, तरी सारखे करपले नाहींत. ज्यांत जाती पुष्कळ होत्या त्यांचें उत्पन्न सुमारें निम्म्यावर आलें. ज्यांत थोड्या होत्या त्यांचें आठव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याहि खालीं गेलें. आणि पाऊस परतल्यावर पूर्वस्थितीस यावयासहि या दुसऱ्यांना अधिक काळ लागला. जॉन डाउनिंग यांच्यासह टिल्मन यांनीं १९९४ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुकाळांत ज्या जातींचा कांहींच उपयोग दिसत नव्हता, त्यांतल्याच कांहींनीं दुष्काळांत माळ राखला होता.

विचाराच्या मित्रांनीं जयजयकार केला. टीकाकार मात्र जागेवरून हलले नाहींत, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. मायकेल हस्टन हे त्यांतले प्रमुख. त्यांचा पहिला आक्षेप असा कीं, या वाफ्यांतील जाती टिल्मन यांनीं कमी केलेल्या नाहींत. त्या नत्रानें कमी झाल्या. मग करपण्याचें कारण जातींची उणीव कीं नत्राचा भर, हें कसें ठरवावयाचें? दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. गांवांतून चिठ्ठ्या टाकून एक माणूस निवडला तर तो पहिलवान असण्याचा संभव थोडा. वीस निवडले तर त्यांत एखादा पहिलवान निघण्याचा संभव पुष्कळ. आतां त्या विसांच्या टोळीनें मोठें ओझें उचललें, तर तें एकीचें बळ म्हणावयाचें कीं एका पहिलवानाचें? तसेंच अनेक जातींच्या वाफ्यांत एखादी जोमदार जाति असण्याचा संभव अधिक असतो. तेवढ्यावरून विविधतेस श्रेय देणें ही गणिताची फसगत होय.

या आक्षेपांस उत्तर शब्दांनीं देतां येण्यासारखें नव्हतें. तें नव्या वाफ्यांनींच द्यावयास पाहिजे होतें. पहिल्या आक्षेपाचा निरास करण्यासाठीं जातींची संख्या संशोधकांनीं स्वतः ठरविणें अवश्य होतें, आणि त्या दृष्टीनें सीडर क्रीक येथें १९९४ सालीं दोन पेरण्या झाल्या. एकींत १४७ लहान वाफे होते, व त्यांत एकापासून चोवीसपर्यंत जाती होत्या. दुसरींत नऊ-नऊ मीटर बाजूचे १६८ वाफे असून त्यांत एक, दोन, चार, आठ किंवा सोळा जाती पेरल्या होत्या. कोणत्या वाफ्यांत कोणत्या जाती, हें केवळ चिठ्ठ्यांवर सोपविलें होतें. पेरणी सोपी, पुढचें काम कठीण. वारा व पांखरें बीं आणून टाकावयाचीं थांबत नाहींत. म्हणून जेथें एक जाति नेमली तेथें एकच राहावी यासाठीं विद्यार्थ्यांच्या टोळ्या प्रत्येक उन्हाळ्यांत गुडघे टेकून हातानें निंदणी करीत राहिल्या. विज्ञानाच्या इतिहासांत यंत्रांचें कौतुक पुष्कळ होतें; या प्रश्नाचा निकाल मात्र बव्हंशीं खुरपणीनें लागला.

निकाल वर्षावर्षानें स्पष्ट होत गेला. १९९६ सालीं लहान वाफ्यांचा वृत्तांत आला. जाती अधिक तेथें उत्पन्न अधिक आणि मातींतील नत्राचा वापरहि अधिक पुरा. २००१ सालीं मोठ्या वाफ्यांचा आला. सोळा जातींच्या वाफ्यांत एकेकट्या जातीच्या वाफ्यांपेक्षां सरासरीनें २.७ पट वनस्पतिभार भरला. आणि मुख्य गोष्ट ही कीं, यांतील कित्येक मिश्र वाफे एकेकट्या जातींतल्या सर्वोत्तम वाफ्याच्याहि पुढें गेले. टोळींतल्या पहिलवानानें एकट्यानें उचललें असतें त्याहून टोळीचें ओझें अधिक निघालें. तेव्हां श्रेय एकट्या पहिलवानाचें नव्हतें.

याचें कारण आपल्याकडील शेतकऱ्यास नवें वाटणार नाहीं. बाजरींत तूर किंवा मटकी घेणाऱ्यास ठाऊक असतें कीं, एकाचीं मुळें वर राहतात, दुसऱ्याचीं खोल जातात. शेंगांचें पीक जमिनीस नत्र देतें आणि तृणधान्य तें घेतें. सीडर क्रीकच्या वाफ्यांत हेंच चालले होतें. कांहीं गवतें वसंताच्या गारव्यांत वाढणारीं, कांहीं भर उन्हाळ्यांत वाढणारीं, आणि ल्युपिनसारख्या शेंगावर्गीय वनस्पति हवेंतील नत्र बांधून ठेवणाऱ्या. वर्ष व जमीन यांची वांटणी त्यांनीं आपसांत करून घेतली होती. डार्विनची कामाच्या वांटणीची उपमा अशा रीतीनें वजनकाट्यावर उतरली.

तथापि वाद शमला नव्हता. उलट याच सुमारास तो फार तापला. १९९९ सालीं युरोपांतील सात देशांत आठ ठिकाणीं केलेल्या ४८० वाफ्यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला व तोहि याच बाजूचा होता. पण अमेरिकेंतील परिसरविज्ञानाच्या परिषदेनें त्याच वर्षीं सामान्य जनांसाठीं एक पत्रिका काढली, तेव्हां तींत एकच पक्ष मांडला आहे, असा उघड आक्षेप हस्टन, न्यूझीलंडचे डेव्हिड वॉर्डल, इंग्लंडचे फिलिप ग्राइम प्रभृति शास्त्रज्ञांनीं २००० सालीं घेतला. शास्त्रज्ञ आवडत्या मताची वकिली करूं लागले आहेत, हा आरोप लहान नव्हता.

यानंतर जें घडलें तें मला या सर्व इतिहासांत अधिक मोलाचें वाटतें. २००० च्या डिसेंबरांत पॅरिस येथें दोन्ही पक्ष एकत्र बसले, आणि २००१ सालीं मिशेल लोरो यांच्या नांवानें आरंभ होणारा एक संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत टिल्मन होते आणि हस्टनहि होते. हेक्टर होते आणि वॉर्डल व ग्राइमहि होते. काय सिद्ध झालें, काय झालें नाहीं, आणि कोणता प्रयोग केला असतां राहिलेला भाग ठरेल, हें त्यांनीं मिळून लिहिलें. त्याच वर्षीं लोरो व हेक्टर यांनीं मिश्र वाफ्याच्या लाभांतून पहिलवानाचा वांटा व एकीचा वांटा निरनिराळे काढण्याचें गणित दिलें. युरोपांतील वाफ्यांस तें लावून पाहतां पहिलवानाचा वांटा कोठें अधिक, कोठें उणा, तर कोठें उलटाच निघाला. एकीचा मात्र सरासरीनें लाभाचाच निघाला. हस्टन यांनीं आक्षेप घेतला नसता तर हें गणित कोणी मांडलें असतें असें वाटत नाहीं.

रॉबर्ट मे यांच्या हिशेबाचें काय झालें? २००६ सालीं दहा वर्षांचीं मापें पुढें ठेवून टिल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, जाती अधिक असलेल्या वाफ्यांचें एकंदर उत्पन्न वर्षावर्षास कमी हेलकावतें. पण त्यांतील प्रत्येक जातीचें स्वतंत्र उत्पन्न मात्र अधिक हेलकावतें. एक खालीं जाते तेव्हां दुसरी वर येते, म्हणून कुटुंबाची मिळकत स्थिर राहते. प्रत्येक भावाची राहत नाहीं. मे यांनीं भावांचा विचार केला होता, एल्टन यांनीं कुटुंबाचा. दोघांच्या वाक्यांत ‘स्थैर्य’ हा शब्द एकच असल्यामुळें दोहोंपैकीं एक खोटें असलें पाहिजे असें लोकांनीं मानलें, एवढेंच.

रॉदमस्टेडची गांठहि सीडर क्रीकमध्येंच बरीचशी सुटली. तीस वर्षें नत्र दिलेल्या वाफ्यांचा हिशेब २०१३ सालीं मांडला गेला. खतानें आरंभीं उत्पन्न पुष्कळ वाढलें, हें खरें. परंतु जेथें खतामुळें जाती गळत गेल्या तेथें ती वाढहि वर्षावर्षानें ओसरत गेली. म्हणजे खताचा लाभ प्रथम दिसतो आणि जाती गेल्याचें नुकसान मागाहून सावकाश वसूल होतें. दोन कारणें एकाच वाफ्यांत उलट दिशांनीं काम करीत होतीं. वोबर्न व रॉदमस्टेड या दोघांची साक्ष खरी होती. आपण तिचा अर्थ लावण्यांत उतावळे होतों.

या संशोधनाच्या मर्यादा सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें बरें नव्हे. पेरलेल्या वाफ्यांत कोणती जाति गाळावयाची हें चिठ्ठ्यांनीं ठरतें. निसर्गांत तें तसें ठरत नाहीं. तेथें दुर्मिळ, मंद वाढणाऱ्या, विशिष्ट जागीं राहणाऱ्या जाती प्रथम जातात. तसेंच, जातींची भर घालीत जातां पहिल्या थोड्यांचा लाभ मोठा असतो व पुढील प्रत्येकीचा लहान होत जातो. यावरून शेवटच्या कांहीं जाती अनावश्यक आहेत असें अनुमान सहज निघतें. पण येथेंहि काळ हा चांगला परीक्षक ठरला. सीडर क्रीकच्या वाफ्यांत जसजशीं वर्षें लोटलीं तसतसा या शेवटच्या जातींचाहि वांटा वाढत गेला, असें २०१२ सालीं दाखविण्यांत आलें. दोन वर्षांत प्रयोग आटोपता घेतला असता तर ज्यांना भरतीच्या म्हणून काढून टाकलें असतें, त्याच जाती दहा-पंधरा वर्षांनीं कामाच्या ठरल्या.

आपल्या व्यवहारांत हिशेब नेहमीं एका हंगामाचा असतो. यंदां काय पिकलें, कोणत्या पिकानें अधिक दिलें, एवढेंच आपण विचारतों, आणि त्या हिशेबांत एकच जोमदार जाति पुष्कळदां पहिली येते. वीस जातींचा माळ आपली किंमत दाखवितो तो अवर्षणाच्या वर्षीं, किंवा दोन दशकांच्या बेरजेंत. आणि तेवढा वेळ वाट पाहण्याची आपली तयारी नसते. सिंक्लेअरच्या वाफ्यांत जें एका माळ्यास दिसलें, तें शास्त्रास आपलें म्हणण्यापूर्वीं मे यांचें गणित, हस्टन यांचे आक्षेप आणि विद्यार्थ्यांच्या अनेक उन्हाळ्यांची निंदणी यांतून जावें लागलें. आतां तें सिद्ध झालें आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारीहि आपणांवर आली आहे. पूर्वीं एखादी जाति नाहींशी झाली तर तिचें काय काम होतें तें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें म्हणतां येत होतें. ती सबब आतां उरलेली नाहीं.